लिहिलेलं आणि न लिहिलेलं

गेल्या पर्युषणाच्या आधी चार दिवस माझी लेक रात्रपाळी करून घरी आली, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाली, "आई, मी ॲप टाकलंय. लग्नासाठी. तू आता कुणाला बायोडाटा पाठवू नकोस."

मी पोहे निवडत होते. माझ्या हातून निवडलेले आणि न निवडलेले एकत्र झाले.

आम्ही नंदेसरीत राहतो. बडोद्याच्या उत्तरेला, महीच्या अलीकडे, रसायनांच्या कारखान्यांची ही वसाहत. वारा फिरला की खिडक्या लावून घ्यायच्या, वाळत घातलेले कपडे आत घ्यायचे, हे इथल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. 1989 साली मी जयसिंगपूरच्या बाजूने लग्न होऊन इथे आले, तेव्हा वाटलं होतं की बडोदा म्हणजे गायकवाडांचं, म्हणजे आपलंच. मराठी माणसं भेटली, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात भेटली. पण ती जैन नव्हती. जैन भेटले ते गुजराती, बहुतेक श्वेतांबर, देरासरला जाणारे. आमची बस्ती, आमची दिगंबर पूजा, आमची मराठी, हे सगळं एका घरात मावेल एवढंच. लेकीच्या लग्नाचा विषय निघाला की ही गोष्ट फार मोठी होते. लग्न जुळवणाऱ्या साइटवर 'मराठी' आणि 'जैन' अशा दोन खुणा केल्या की यादी एवढीशी उरते. तिसरी खूण चतुर्थ, पंचम, सैतवाल की कासार अशी केली, की पडदा रिकामा.

मला ॲपचा राग आला नव्हता. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती, आणि ती माणसांची नव्हती, ती लिहिण्याची होती. आता ती स्वतःबद्दल स्वतः लिहिणार. आजवर मी लिहीत आले होते.

मी पंधरा-सोळा वर्षं आमच्या माहेरकडच्या मंडळींसाठी आणि इकडच्या मराठी जैन घरांसाठी स्थळांची फाइल ठेवत होते. दक्षिण भारत जैन सभा 1899 सालची. तिचं 'प्रगती आणि जिनविजय' आमच्या घरी येई, आणि घरातल्या बायका ते मागून पुढे वाचत, म्हणजे आधी वधू-वर. मी त्यातली कात्रणं चिकटवत असे. फोन येत. "वहिनी, आमच्या मुलीसाठी बघा ना." मला ते आवडायचं. परक्या राज्यात आपलं कुणाला तरी काम पडतंय हे बरं वाटायचं. स्वाध्यायात एकदा ब्रह्मचर्याणुव्रताचे अतिचार वाचताना पहिलाच शब्द 'परविवाहकरण' आला. दुसऱ्यांची लग्नं लावत फिरणं हासुद्धा दोष! आम्ही सगळ्याजणी हसलो होतो. मी जरा जास्तच हसले होते.

कारण तोवर ती गोष्ट घडून गेली होती. 2009 साली मी एका मुलाचा बायोडाटा लिहिला. घर चांगलं, मुलगा कमावता, उंच. त्याच्या आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, की तो 'कधीमधी घेतो', पण लग्न झालं की सुटेल. आपल्याकडे दारूबंदी 1960 पासून, गुजरात राज्य झालं तेव्हापासूनची. आणि कुणाला मिळत नाही असं मी तरी पाहिलेलं नाही. मी 'निर्व्यसनी' असं लिहिलं नाही. एवढा धर्म पाळला! मी तो रकानाच ठेवला नाही. शिक्षण, पगार, उंची, गोत्र, मामाचं गाव, आणि शेवटी 'धार्मिक वातावरण'. मुलीकडच्यांनी रिकामी जागा वाचली नाही. कोण वाचतं? चौदा महिन्यांनी ती मुलगी माहेरी परतली, ती कायमची. मला कुणी काही बोललं नाही. मी खोटं असं लिहिलंच कुठे होतं?

सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' असा एक शब्द आहे. खोटा लेख करणं. सावकारी कागद, खोटी सही, खोटा शिक्का, असा त्याचा अर्थ आम्हाला शिकवलेला. स्थळाची चिठ्ठी त्यात बसते असं कधी कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

लेकीच्या बाबतीत मात्र रिकामी जागा माझ्या घरातली होती. तिला अकराव्या वर्षी फिट्स आल्या. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू येणं थांबलं. आता आठ वर्षं एकही नाही. एक गोळी रात्री, एवढंच. ती एम.एस. युनिव्हर्सिटीतून एम.एस्सी. झाली, इथल्याच एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. मी तिच्या बायोडाट्यात 'प्रकृती उत्तम' लिहायचे. ते खोटंही नव्हतं. ती आमच्या सगळ्यांपेक्षा कमी आजारी पडते. सहा वर्षांपूर्वी एका घरी बोलणी साखरपुड्यापर्यंत आली आणि नात्यातल्याच कुणीतरी तिकडे कळवलं. ते लोक ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?" लेक शेजारच्या खोलीत होती. त्या रात्री ती मला म्हणाली, "तू मला खोटारडी केलंस. मी काही बोललेसुद्धा नव्हते."

फिट्सबद्दल आपल्याकडे भीती किती जुनी आहे, ते कायद्यातही दिसतं. हिंदू विवाह कायदा 1955 चा, तो आपल्या जैनांनाही लागू आहे. त्यात वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार येणारे झटके हेही लग्न रद्द ठरवून घेण्याचं कारण होतं. 1999 साली दुरुस्ती होऊन 'अपस्मार' हा शब्द काढला गेला. म्हणजे लेकीला पहिली फिट आली तेव्हा कायदा बदललेला होता. माझं मन मात्र बदललेलं नव्हतं. कोर्टानं भीती सोडली, आईनं नाही सोडली.

तर आता ती ॲपवर. मी म्हटलं, बघू तरी काय असतं. रविवारी दुपारी आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. तिनं मला तीन दाखवली.

पहिली म्हणजे लग्नाचीच साइट, ज्या आता सगळ्यांना माहीत आहेत, शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी, जीवनसाथी. त्यात मला घरच्यासारखं वाटलं, कारण तिथे मीच होते. 'प्रोफाइल कोणी केलं?' या प्रश्नाला 'आई-वडील' असं उत्तर देता येतं. उंची, पगार, पोटजात, मंगळ. माझी फाइलच, फक्त तिला आता वीज लावलेली. एक लक्षात ठेवा, सरकारनं 2016 मध्ये अशा साइटसाठी सूचना काढल्या, की ही जागा लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, हे स्पष्ट लिहा आणि येणाऱ्यांची ओळख तपासा. तरी कागद तपासला म्हणजे माणूस तपासला असं नाही. कागद मीही चांगले लिहायचे.

दुसरं टिंडर. 2012 साली अमेरिकेत निघालेलं, फोटो डावी-उजवीकडे सरकवायचं. लेक म्हणाली, "इथे लग्नाचे लोक नसतात असं नाही, पण कोण कशाला आलंय ते कळायला फार वेळ जातो." मी चार फोटो सरकवले. पाचव्याला माझा अंगठा थांबेना. भाजी मंडईत पहिल्या गाड्यावरची वांगी चांगली असून आपण शेवटच्या गाड्यापर्यंत चालत जातो, आणि परत येईतो पहिली संपलेली असतात, तसं काहीतरी.

तिसऱ्या प्रकारात हिंज, बंबल, आणि आपल्याकडचं आयल अशी ती म्हणाली. हिंजमध्ये फोटोबरोबर प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात, आणि त्याची जाहिरातच अशी आहे की हे ॲप काढून टाकण्यासाठी बनवलंय. (गंमत म्हणजे टिंडर आणि हिंज एकाच कंपनीची. दुकान एक, पाट्या दोन.) बंबल 2014 मध्ये निघालं तेव्हा त्यात नियम होता की जोडी जुळली तर पहिला शब्द बाईनं बोलायचा, पुढे तो सैल केला. आयलवर माणसं कमी, पण बहुतेक गंभीर हेतूनं आलेली, असं तिचं म्हणणं. 'बाईनं आधी बोलायचं' हे ऐकून माझी सासू काय म्हणाली असती, याचा मी विचार करत बसले. मग मला अंजना आठवली.

अंजनासतीची कथा आपल्याला सगळ्यांना पाठ. पण मी ती त्या दुपारी वेगळी ऐकली. पवनंजयाला लग्नापर्यंतचे तीन दिवस धीर निघेना, म्हणून तो मित्राला घेऊन लपून तिला बघायला गेला. तिथे एक सखी दुसऱ्याच राजपुत्राची तारीफ करत होती. अंजना गप्प होती. लाजली असेल, दमली असेल, वाद नको वाटला असेल. तो म्हणाला, गप्प आहे म्हणजे हिला मान्य आहे. लग्न केलं आणि बावीस वर्षं तिच्या महालात पाऊल ठेवलं नाही. पुढे मानससरोवराच्या काठी रात्री जोडीदाराविना तळमळणारी चक्रवाकी दिसली तेव्हा कुठे त्याला बायकोची आठवण झाली. आपण या कथेत अंजनेचं शील सांगतो, तिची सहनशक्ती सांगतो. मी लेकीला म्हटलं, "त्यानं विचारलं असतं तर?" ती म्हणाली, "किंवा तिनं आपणहून सांगितलं असतं तर." दोघांनाही कुणी एक वाक्य बोलू दिलं नव्हतं. दुरून बघायचं, अर्धं ऐकायचं, आणि उरलेलं आपल्या मनानं भरायचं, हे फोन निघाल्यावर सुरू झालेलं नाही, बायांनो.

आणि आपल्याच बडोद्यातली इंदिराराजे. सयाजीराव महाराजांची मुलगी, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेली. 1911 च्या दिल्ली दरबाराच्या सुमारास तिनं स्वतः ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्नाला नकार कळवला. आईवडिलांना न सांगता. कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्यावर तिचा जीव होता. दोन वर्षं ओढाताण झाली आणि 1913 साली लंडनमध्ये लग्न झालं, तेव्हा आई आणि वडील हजर नव्हते. आता यातली मला टोचणारी गोष्ट ऐका. तिची आई, महाराणी चिमणाबाई, यांनी त्याच 1911 साली भारतीय स्त्रीच्या स्थितीवर एक इंग्रजी पुस्तक एका सहलेखकाबरोबर प्रसिद्ध केलं होतं. साऱ्या बायकांचा विचार करणारी बाई, आणि घरातल्या एकीचं पत्र तिला सोसलं नाही. मी चिमणाबाईंना नावं ठेवत नाही. मी तर पुस्तकही लिहिलं नव्हतं, नुसती फाइल ठेवली होती.

असो. ॲप कोणतं, यावर माझं मत विचाराल तर ते आता एवढंच, की नाव नंतर बघा. आधी हे बघा, की तिथे लोक कशासाठी आलेत ते उघड लिहिता येतं का, आणि लिहिणारी स्वतः मुलगी आहे का तिची आई. लेकीनं लग्नाची साइट ठेवली, पण माझं केलेलं प्रोफाइल पुसून स्वतः पुन्हा लिहिलं; आणि प्रश्नांची उत्तरं मागणारं एक ॲप ठेवलं. फोटोंचं सरकवणं बंद. आणि एक नियम तिनं आपणहून घातला, तो मला आवडला: एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांशी बोलायचं नाही. चौथा कितीही बरा दिसला तरी आधी तिघांपैकी एकाला नीट, शब्दांत 'नाही' सांगायचं, नुसतं गायब व्हायचं नाही. मी म्हटलं, हे तर परिग्रहपरिमाण. ती म्हणाली, "मला तेवढ्यांचीच नावं लक्षात राहतात गं."

बाकीची काळजी सगळ्यांना सारखीच, ती पटकन सांगते. भेटायच्या आधी व्हिडिओ कॉल. पहिली भेट गर्दीच्या जागी, दुपारी, घरात कुणाला तरी सांगून. घराचा आणि कारखान्याचा पत्ता लवकर द्यायचा नाही. पैसे मागितले, कितीही रडून मागितले, की विषय संपला. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन. घटस्फोट झालाय म्हणाला तर हुकूमनामा बघायचा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत लग्नाचं खोटं वचन देऊन किंवा ओळख लपवून संबंध ठेवणं हा वेगळा गुन्हा धरला आहे. पण गुन्हा झाल्यावर उपयोगी पडणारी गोष्ट आणि आधी उपयोगी पडणारी गोष्ट वेगळी असते.

खरा वाद आमचा झाला तो त्या गोळीवरून.

ती म्हणाली, "मी लिहिणार नाही आणि लपवणारही नाही." मला दोन्ही अर्धीच पटली. इतकी वर्षं मी लपवण्याच्या बाजूची. आता पश्चात्तापानं मी उलट टोकाला गेले होते. म्हटलं, "मग वरच लिही ना! पहिल्या ओळीत. ज्याला पळायचं तो पळेल." ती हसली नाही. ती मला तिच्या कामातली गोष्ट सांगू लागली.

त्यांच्याकडून माल निघतो तेव्हा प्रत्येक लॉटबरोबर तपासणीचा दाखला जातो, सी.ओ.ए. म्हणतात त्याला. त्यात शुद्धता किती टक्के, ओलावा किती, आणि अशुद्धी कोणती आणि किती, हे सगळं आकड्यात. शंभर टक्के असं कुणी लिहीत नाही. लिहिलं तर घेणारा हसेल, किंवा घाबरेल. अशुद्धीचा रकाना कोरा ठेवून ड्रम गेटबाहेर जाऊ शकत नाही. "पण आई," ती म्हणाली, "तो दाखला घेणाऱ्याच्या हातात जातो. ड्रमवर मोठ्या अक्षरात लिहून ट्रक हायवेवरून फिरवत नाहीत."

मी गप्प झाले. अंजनेसारखी नव्हे, खरीच गप्प.

कारण आपल्या व्रतांत कूटलेखाच्या जवळच 'रहोभ्याख्यान' आहे. एकांतातली, खासगी गोष्ट चव्हाट्यावर मांडणं. तेही सत्याचाच भंग मानलंय. हे मला वर्षानुवर्षं विसंगत वाटायचं. खरी गोष्ट सांगितली तर सत्याला काय झालं? आता वाटतं, ज्यांनी ही यादी केली त्यांना माणसं माहीत होती. ज्याचा त्या गोष्टीशी संबंध आहे त्याच्यापासून ती लपवणं आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्यापुढे ती ओतणं, या दोन्हींत ऐकणाऱ्याचा विचारच नसतो. पडद्यावर तिचा चेहरा बघून पुढे सरकणाऱ्या हजार जणांना तिच्या डोक्यातल्या विजेशी काय देणंघेणं? आणि जो समोर बसून चहा घेतो, ज्याच्या मनात घर बांधायचं येऊ लागलंय, त्याला मात्र ते कळायलाच हवं. तेही साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नाही.

"मग कधी?" मी विचारलं.

"दुसऱ्या भेटीत. पहिल्या भेटीत तो मला आवडलाय की नाही तेच मला कळणार नाही. तिसऱ्यात उशीर होईल, कारण मग मी घाबरेन."

हे गणित मला कुठल्याही स्वाध्यायात मिळालं नव्हतं. यावर मी अजून भांडते, मनातल्या मनात. दुसऱ्या भेटीत सांगितलं आणि तो निघून गेला तर तिला किती लागेल, हे मला दिसतं. गेलेही दोघं. एकानं नीट सांगितलं, की आपल्याला भीती वाटते, माफ कर. तिला त्याचा राग नाही. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. त्याच्याबद्दल ती आठवडाभर काही बोलली नाही आणि मी तिच्या आवडीची आमटी केली. तिसरा पुण्याचा आहे, मराठी आहे, जैन नाही. ऐकल्यावर त्यानं विचारलं, गोळी किती वाजता असते. बाकी काही नाही. आता ते बोलत आहेत. जैन नाही म्हणून मी अस्वस्थ आहे, हे लपवत नाही. 1923 च्या दुरुस्तीपासून आपण आपला धर्म न सोडता हिंदूंशी कायद्यानं लग्न करू शकतो, हे मला माहीत आहे; पण रात्री जेवायचं की नाही, कांदा-लसूण, बस्तीला कोण येणार, हे कायद्यात नसतं. तेही त्यांनी बोलायचं आहे. मी यादी करून दिली नाही, हात शिवशिवत होते तरी.

आणि मग क्षमावाणी आली. दरवर्षी मी सगळ्यांना एकच संदेश पाठवते, फुलांच्या चित्राचा. 2009 च्या त्या मुलीलाही जायचा. ती उलटून तसाच पाठवायची. या वर्षी मी चित्र पाठवलं नाही, फोन लावला. ती आता जयसिंगपूरला शाळेत शिकवते. मी म्हटलं, "मला एक सांगायचंय. त्या वेळी त्याचं मला माहीत होतं. मी लिहिलं नाही."

पलीकडे वर्गातल्या पोरांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "काकू, तुम्हाला माहीत होतं हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्याच्या आईनंच सांगितलं होतं."

पंधराएक वर्षं तिला ठाऊक होतं, आणि पंधराएक वर्षं ती मला फुलं पाठवत होती. मला काय बोलावं सुचेना. तिनंच विचारलं, घरी सगळे कसे आहेत, ताईंचं काही जमलं का. मी सगळं सांगितलं. गोळीचं सोडून, ते लेकीचं आहे.

"कुठल्या ॲपवर?" तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं.

"थांबा काकू, लिहून घेते," ती म्हणाली, आणि तिनं टेबलावरचा खडू उचलल्याचा आवाज मला आला.